डिजिटल फोटोग्राफीचं मूल्यमापन: गुण नेमके कशाला द्यायचे?

शहापूर_माग

नमस्कार. बेळगावात पदवीच्या मुलांना डिजिटल फोटोग्राफी हा ऐच्छिक विषय आहे. विद्यार्थी ३२. कॉलेजचे कॅमेरे ११, सगळे एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचे, त्यांवर कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमी झूमची किट लेन्स. ट्रायपॉड ४, बाहेरचा फ्लॅश एकच. बाकी सगळी भिस्त मुलांच्या फोनवर. अंतर्गत गुण ४०, सत्राअखेरीस प्रात्यक्षिक आणि तोंडी मिळून ६०.

सध्याची पद्धत अशी की प्रत्येकाने आपले दहा उत्तम फोटो द्यायचे आणि शिक्षकांनी प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. यात तीन अडचणी येतात. ज्याच्या घरी चांगला कॅमेरा किंवा लग्नाचा स्टुडिओ आहे तो आपोआप पुढे जातो. ऑटोवर काढलेला फोटो देखणा असतो, पण तोंडी परीक्षेत ‘एफ/८ वरून एफ/४ केलं तर शटर किती?’ विचारलं की उत्तर येत नाही (एफ हे अ‍ॅपर्चरचं, म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं). आणि एकाच पोर्टफोलिओला दोन परीक्षकांच्या गुणांत शंभरात पंधरा-वीसचा फरक पडतो.

भाषेचाही प्रश्न आहे. निम्मी मुलं मराठीत नीट लिहितात, काही कन्नडमध्ये, इंग्रजीत दोन्हीकडची अडखळतात. त्यामुळे फोटोसोबत लेखी टिपण मागितलं की फोटोग्राफीऐवजी भाषेचीच परीक्षा होते.

मूल शिकलं की नाही हे दिसेल असे सराव कोणते, त्यांना गुण किती आणि तपासायचं कसं, हे सविस्तर हवं आहे.

कमळबस्ती

सर, ‘उत्तम दहा’ हीच पद्धत आधी बंद करा. दहा उत्तम फोटो निवडून दिले की चुका, प्रयत्न, निवड हे सगळं तुमच्या नजरेआड जातं. शिकणं तर नेमकं तिथेच असतं. जे तपासायचं आहे ते चित्रात स्पष्ट दिसेल आणि चुकलं तर तेही लपणार नाही, असे सराव द्या. अंतर्गत ४० ची वाटणी मी अशी करेन: पाच तांत्रिक सराव प्रत्येकी ४ म्हणजे २०, कॉन्टॅक्ट शीट आणि निवडीला ८, वर्गातल्या समीक्षेला ६, छोट्या तोंडीला ६.

पहिला सराव एक्सपोजरचा, म्हणजे फोटोला किती उजेड मिळतो त्याचा. एकाच जागी, एकाच आयएसओवर (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) तीन फोटो: एफ/५.६ ला १/५०० सेकंद, एफ/८ ला १/२५०, एफ/११ ला १/१२५. तिघांचे हिस्टोग्राम (फोटोत काळं ते पांढरं किती आहे हे दाखवणारे आलेख) जवळजवळ सारखे आले पाहिजेत. ते सारखे येत नाहीत तेव्हा कारण बहुतेक वेळा तीनांपैकी एक असतं. ऑटो आयएसओ चालूच राहिला. मधेच ढग सरकला. किंवा मुलाने झूम फिरवला आणि फ्रेममधलं दृश्यच बदललं. फरक का आला हे ज्याला सांगता येतं त्याला ४ पैकी ४ द्या, फोटो फसले असले तरी. तिन्ही बरोबर आले पण कारण माहीत नाही, त्याला २.

दुसरा मीटरिंगचा, आणि याला आपल्याकडे साहित्य फुकट आहे. काळी घोंगडी आणि पांढरं धोतर. दोन्ही सावलीत ठेवायचे, फ्रेम त्यानेच भरायची, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) एकेक फोटो. दोन्ही राखाडी येतात, कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरच्या वस्तूला मध्यम राखाडी धरून चालतो. मग कॉम्पेन्सेशन देऊन, म्हणजे एक्सपोजर मुद्दाम वर-खाली करून, पांढरं पांढरं आणि काळं काळं आणायचं. धोतराला साधारण दीड ते दोन स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), घोंगडीला तितकेच खाली. धोतराच्या विणीचे धागे दिसत राहिले पाहिजेत; ते पुसले गेले म्हणजे हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) गेला, मग रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) तो पूर्ण परत येईलच असं नाही. या एका सरावात मूल मीटरवर विसंबतं की मीटर वाचतं, हे कळतं.

तिसरा हालचालीचा. वडगाव-शहापूरकडचा हातमाग यासाठी फार चांगला. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) एकदा वाहता दिसला पाहिजे, एकदा थिजलेला. वाहता सोपा आहे, १/१५ ते १/३० आणि ट्रायपॉड. थिजलेला मात्र मुलांना विचार करायला लावतो. मागाच्या खोलीत एफ/४, आयएसओ ३२०० वर १/६० मिळत असेल, तर १/१००० साठी चार स्टॉप कमी पडतात, म्हणजे आयएसओ ५१२०० लागेल. हा हिशेब मुलाने स्वतः वहीत मांडला पाहिजे. मग मार्ग दोनच उरतात. एक तर फ्लॅश वापरायचा. नाहीतर धोटा टोकाला पोहोचून क्षणभर थांबतो तो क्षण साधायचा, तिथे १/६० सुद्धा पुरतो. दुसरा मार्ग ज्याला सुचला त्याने माग नीट पाहिला. त्याला पूर्ण गुण.

तिथे आणखी एक गोष्ट घडते. खोलीत जुन्या चोकची ट्यूबलाइट असेल तर वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे किंवा फ्रेमागणिक वेगळा रंग येतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. पट्टे आले म्हणून गुण कापू नका. ते ओळखता आले का, एवढंच विचारा.

चौथा डेप्थ ऑफ फील्डचा (पुढून मागपर्यंत किती भाग शार्प), पाचवा व्हाइट बॅलन्सचा (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग सुधारणं). त्यात विशेष काही नाही, नेहमीचेच. फक्त व्हाइट बॅलन्सला सोडियमचा पिवळा दिवा देऊ नका. त्या उजेडात निळ्याचा अंश फारच कमी असतो, ग्रे कार्ड (रंग ताडायचा राखाडी पुठ्ठा) वापरूनही रंग पूर्ण सुधारत नाहीत आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

कॉन्टॅक्ट शीटचे ८ गुण माझ्या मते सगळ्यात मोलाचे. एका विषयाचे ३० ते ४० फोटो, एकही न गाळता, काढलेल्या क्रमाने एका पानावर. त्यातल्या तीन फोटोंभोवती लाल चौकट. पहिले दहा फोटो एकाच उंचीवरून, एकाच जागेवरून असतात. अकराव्यापासून मूल बसलं, वळलं, जवळ गेलं का, हे त्या पानावर एका नजरेत दिसतं. चाळीसही फोटो उभं राहून डोळ्यांच्या पातळीवरून असतील तर शेवटचा कितीही सुंदर असो, आठपैकी तीनच्या वर देऊ नका.

निपाणी_गुऱ्हाळ

वरचे सराव छान आहेत, एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. प्रक्रियेला गुण आहेत हे मुलांना कळलं की प्रक्रिया तयार करून आणली जाते. चांगला फोटो आधी मिळालेला असतो, मग पस्तीस सामान्य फोटो मागाहून काढून शीट भरली जाते. त्यामुळे घरून आलेल्या कामाला ४० च ठेवा आणि ६० चा भार डोळ्यांसमोर होणाऱ्या प्रात्यक्षिकावर टाका. मी असं वाटेन: जागेवरचं प्रात्यक्षिक २५, आठ फोटोंची मालिका २५, तोंडी १०.

प्रात्यक्षिकाची वेळ ४५ मिनिटं. कार्ड तुमच्यासमोर फॉर्मॅट करायचं, कॅमेरा रॉ आणि जेपेग दोन्हींवर. कमाल ३६ फोटो. डिलीट करायला परवानगी नाही. केलंच तर फाइलच्या क्रमांकात खंड पडतो आणि लगेच दिसतं. शेवटी मुलाने तीन फोटो निवडायचे आणि तिथेच सांगायचं की हे का. परीक्षकाने छत्तीसही पाहायचे. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात.

११ कॅमेरे आहेत, तर ३२ मुलांच्या तीन तुकड्या करा, ११, ११ आणि १०. सगळ्यांना कॉलेजचाच कॅमेरा आणि तीच लेन्स. घरचा कॅमेरा आणायचा नाही. तुमची पहिली अडचण इथेच संपते. फक्त तुकड्यांमध्ये उजेड बदलतो: सकाळी ८ ची तुकडी आणि ११ ची तुकडी यांना एकच काम देऊ नका. पहिलीला बाजूने येणाऱ्या उजेडाचं काम, शेवटचीला डोक्यावरच्या उन्हातलं, आणि दोन्हींना आपापलं निकषपत्र.

कामाचं वाक्य नेमकं हवं. ‘बाजाराचे फोटो काढा’ यातून काही मोजता येत नाही. असं लिहा: ‘एकाच भाजीवालीचे तीन फोटो. एकात जागा कळावी, एकात काम कळावं, एकात चेहरा किंवा हात. किमान एकात पार्श्वभूमी मुद्दाम अस्पष्ट, किमान एकात पुढून मागपर्यंत सगळं शार्प.’ आता तपासायला पाच गोष्टी हातात आल्या.

मालिकेसाठी या भागात विषयांची कमतरता नाही. निपाणी-चिकोडीकडे हंगामात गुऱ्हाळं चालतात, काहिलीवरची वाफ मागून उजेड घेऊन आली की फोटो देखणा होतो आणि मीटर फसतो: वाफ चमकते, मीटर तिलाच मोजतो, गुळव्याचा चेहरा काळा. दीड स्टॉप वर दिल्याशिवाय तो दिसत नाही. हा फोटो कुणी बरोबर आणला तर तो नशिबाने आलेला नसतो. लेन्सवर वाफ बसते, तीही सांगून ठेवा. कॅमेरा बाहेरच्या थंडीतून थेट काहिलीजवळ नेला तर काच धूसर होते आणि मऊ दिसणारे वीस फोटो घेऊन मूल परत येतं.

विडी वळणाऱ्या बायका, देवस्थानाला आलेले भक्त, शाळेतली मुलं यांचे फोटो असतील तर संमती विचारली होती का, हे तोंडीत विचाराच. त्याला वेगळे गुण ठेवू नका. संमती नसेल तर तो फोटो मालिकेतून बाहेर, जागा रिकामी. आणि बेळगावात लष्कराच्या हद्दीत आणि तिच्या आसपास कॅमेरा काढायचा नाही, हे सत्राच्या पहिल्याच दिवशी सांगा. किल्ल्यात काम देणार असाल तर कुठपर्यंत जायचं तेही लिहून द्या.

खानापूर_पाऊस

फाइल गोळा करण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मूल्यमापन इथेच जास्त ढासळतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल अजिबात घेऊ नका. ती लहान होते, दाबली जाते आणि एक्झिफ निघून जातो, म्हणजे शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, वेळ काहीच उरत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ फाइल येते. पेनड्राइव्ह सगळ्यात बरा. हिशेब करून ठेवा: २४ मेगापिक्सेलची रॉ साधारण २५ एमबी, जेपेग ८ एमबी. ३२ मुलं, ३६ फोटो, म्हणजे फक्त प्रात्यक्षिकाचेच ३८ जीबी. तालुक्यातल्या मुलांना एवढं इंटरनेटवरून चढवायला सांगणं बरोबर नाही.

कॅमेऱ्यांची घड्याळं सत्राच्या पहिल्या दिवशी एकत्र लावा. बॅटरी फार दिवस काढून ठेवली की तारीख मागे जाते. मग एक्झिफमधल्या वेळेवरून काहीच ताडता येत नाही आणि खरं बोलणाऱ्या मुलावर उगाच संशय येतो. सोपी युक्ती: प्रत्येक सरावाचा पहिला फोटो भिंतीवरच्या घड्याळाचा. फरक किती ते त्यातूनच कळतं.

एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम वापरा. सगळ्या फोल्डरची माहिती एका तक्त्यात येते: कोणता कॅमेरा, किती वाजता, शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, कॉम्पेन्सेशन, मोड. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंटही असतो, म्हणून दोन फोटोंच्या मध्ये किती फोटो काढले ते कळतं. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो फाइलमध्ये नसतो, तिथे फाइल क्रमांकावरच भागवा. एक्झिफ बदलता येतो हे ध्यानात ठेवा. शंका आली तर रॉ मागा, आणि त्याच्या आधीची-नंतरची फ्रेम मागा. एआयने केलेल्या चित्राला आगेमागे काही नसतं.

आता फोन. अ‍ॅपर्चर बहुतेक फोनमध्ये बदलतच नाही, म्हणून अ‍ॅपर्चरचा सराव फोनवर देऊ नका. तो कॉलेजच्या कॅमेऱ्यावर, पाळीपाळीने, दोन आठवड्यांची मुदत ठेवून. शटर आणि आयएसओ फोनवर शिकवता येतात; अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत अ‍ॅप आहे, फोन साथ देत असेल तर त्यात दोन्ही हाताने ठेवता येतात आणि रॉही मिळते. स्वस्त फोनमध्ये ही सोय बंद असते, म्हणून पहिल्या आठवड्यातच कुणाचा फोन काय करतो याची यादी बनवा.

फोनच्या फोटोला एक्सपोजरचे गुण देताना सांभाळा. फोन अनेक फ्रेम जोडून एक करतो, त्यामुळे आकाश आणि सावली दोन्ही आपोआप सावरली जातात. ती कमाई मुलाची नसते. पोर्ट्रेट मोडची अस्पष्टताही तशीच: केसांच्या कडा, चष्म्याची काडी, पदराचा काठ, कानातल्याची कडी इथे ती तुटते. मुलांना ते शोधायलाच लावा, चांगला वर्ग होतो. आणि फोनवर एफ/१.८ लिहिलेलं असलं तरी सेन्सर इवलासा असतो. अर्ध्या इंचाच्या वर्गातला सेन्सर डेप्थच्या बाबतीत तुमच्या कॅमेऱ्याच्या एफ/६-७ सारखा वागतो.

वेळापत्रकाचंही बघा. विषम सत्र आपल्याकडे पावसात सुरू होतं. खानापूरकडे तर जुलै-ऑगस्टमध्ये कडक सावली दिसतच नाही. त्या काळात मऊ उजेड, चेहरे, ओल्या रंगांची कामं द्या. कडक उन्हाचा, बॅकलाइटचा सराव दसऱ्यानंतर. नाहीतर मूल सराव करतं, ढग सावली खाऊन टाकतात आणि गुण मुलाचे जातात.

एक_स्टॉप

दोन परीक्षकांतला फरक. निकषपत्रात ‘चांगलं, मध्यम, कमी’ असे शब्द असतात तोवर तो जाणार नाही. प्रत्येक पायरीवर डोळ्यांना दिसणारी गोष्ट लिहा. फोकसचं उदाहरण देतो.

४: हवी ती जागा शार्प, आणि बाकीचं किती अस्पष्ट ठेवलं ते मुद्दाम केलेलं दिसतं.
३: हवी ती जागा शार्प, बाकीचं आपसूक जे झालं ते.
२: शार्प जागा थोडी पुढे-मागे, डोळ्याऐवजी कान, हाताऐवजी बाही.
१: कॅमेरा हललेला.
०: कुठेच शार्प नाही आणि कारणही सांगता येत नाही.

दोन आणि एक यांतला फरक १०० टक्के मोठं करून बघितल्याशिवाय ठरवू नका. फोकस चुकला असेल तर दुसरं कुठलं तरी प्रतल शार्प सापडतं. कॅमेरा हलला असेल तर सगळे ठिपके एकाच दिशेला ओढलेले दिसतात. ५५ वर हातात धरून १/८० च्या खाली गेलं की हे होतं. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर थोडी सवलत मिळते. मूल या दोन दोषांतला फरक स्वतः ओळखू लागलं म्हणजे अर्धं सत्र सार्थकी लागलं.

तपासायला बसण्याआधी गेल्या वर्षीचे दहा फोटो घ्या, नावं झाका, दोघांनी वेगवेगळे गुण द्या. जिथे दहात दोनहून जास्त फरक येतो तिथे फोटोवर वाद घालू नका, त्या पायरीचं वाक्य बदला. पुन्हा नवे दहा. दोन फेऱ्यांत दोघंही एका रेषेत येतात. खऱ्या तपासणीत एका मुलाचं सगळं एकदम तपासू नका. आधी ३२ मुलांचा फोकस, मग ३२ मुलांचं एक्सपोजर. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा, कारण पहिल्या पाचांना कडक आणि शेवटच्या पाचांना थकून गुण दिले जातात.

भाषेचं उत्तर सोपं आहे: टिपण तोंडी घ्या. फोनवर दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग, मराठी, कन्नड, मिसळून, कसंही. तांत्रिक शब्द तसेही सगळ्यांचे एकच असतात, स्टॉप, शटर, आयएसओ. बाकी कुणी ‘उजेड’ म्हणेल, कुणी ‘बेळकु’. कुणी ‘सावली’, कुणी ‘नेरळु’. कन्नड न कळणारे परीक्षक असतील तर सोबत कन्नड कळणारे सहकारी बसवा, पण मुलाला भाषा बदलायला लावू नका. तोंडीत व्याख्या विचारूच नका. त्याचाच फोटो समोर ठेवून विचारा: ‘१/६० ऐवजी १/२५० ठेवला असतास तर?’ दोन स्टॉप काळा आला असता, किंवा आयएसओ चौपट करावा लागला असता. ‘मग हा हात कसा दिसला असता?’ इथे खरं कळतं.

शहापूर_माग

सगळ्यांचे मनापासून आभार. अंतर्गतची वाटणी आणि ४५ मिनिटांचं प्रात्यक्षिक या सत्रापासूनच घेतो. दोन शंका उरल्या. वर्गातल्या समीक्षेला ६ गुण म्हटलं आहे, पण मुलं एकमेकांना ‘मस्त आहे’ एवढंच म्हणतात, त्याला गुण कसे द्यायचे? आणि मालिका प्रिंटवर बघावी की स्क्रीनवर? लॅबमधून येणाऱ्या प्रिंट काळपट असतात आणि मुलं म्हणतात स्क्रीनवर बरोबर होतं.

कमळबस्ती

समीक्षेत फोटो काढणाऱ्याने पहिली पाच मिनिटं गप्प राहायचं. बाकीच्यांनी तीन गोष्टी याच क्रमाने सांगायच्या: नजर आधी कुठे जाते, नंतर कुठे अडते, आणि एक पाऊल कुठे सरकलो असतो. ‘मस्त’ या शब्दाला वर्गात बंदी. गुण बोलणाऱ्याला द्या, ज्याचा फोटो आहे त्याला नाही. सत्रात प्रत्येकाच्या तीन समीक्षा, प्रत्येकी २. जागा आणि कारण दोन्ही सांगितलं तर २, नुसती जागा दाखवली तर १.

प्रिंट जरूर करा, पण आठही नको. मालिकेतले दोन फोटो ८×१२ इंचात पुरेत. ३०० डीपीआयला २४०० × ३६०० पिक्सेल लागतात, कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये ते सहज असतात. फोनची फाइल ४:३ असते, ८×१२ ला वरून-खालून कापली जाते, ते मुलाने स्वतः आधी कापून आणावं, लॅबवाल्यावर सोडू नये.

काळपट येण्याचं कारण बहुधा लॅबच्या मशिनात नसतं. कॉम्प्युटर लॅबचे मॉनिटर पूर्ण उजेडावर ठेवलेले असतात, त्यावर फोटो उजळ दिसतो म्हणून मूल तो एडिटिंगमध्ये खाली ओढतं. मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कागदाचं पान धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मापक असेल तर ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीतच सेव्ह करायची. अ‍ॅडोबी आरजीबी मधली दिली तर लॅबकडून रंग फिके येतात. एडिटिंगला डार्कटेबल किंवा रॉथेरपी मोफत मिळतात.

आणि पहिल्या प्रिंटला गुण देऊ नका. ती काळी आली, हिस्टोग्रामशी ताडून का आली ते शोधलं, आणि दुसरी सुधारून आणली, तर त्या दुसरीला द्या. दोन्ही प्रिंट एकत्र पिन करून जमा करायला सांगा.